काठी दहा हात, दोरी दोन हात

गेल्या जानेवारीत आमच्या भाच्याने अमेरिकेहून एक छायाचित्र पाठवले. हा भाचा मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस शहरी नोकरीला असतो. त्या राज्याला 'दहा हजार सरोवरांचा प्रदेश' असे लाडाचे नाव आहे, आणि हिवाळ्यात ही सरोवरे वरून गोठून फरशीसारखी घट्ट होतात. छायाचित्रात भाचेबुवा अशाच एका गोठलेल्या सरोवराच्या काठाजवळ उभे होते. अंगावर इतके कपडे की ओळख पटावी ती केवळ नाकावरून! समोर बर्फाला पाडलेले वीतभर रुंदीचे भोक, आणि त्या भोकापासून चांगले तीन पावले मागे सरून, स्वतःपेक्षाही लांब अशी एक काठी दोन्ही हातांनी पुढे धरलेली. काठीच्या टोकावरून एक दोरा सरळ भोकात उतरला होता.

सोबत मजकूर होता, "मामा, मासे धरायला शिकतो आहे. आईला सांगू नका. इथे बहुतेक लोक दोन-अडीच फुटांची छोटी काठी वापरतात. भोकापाशी स्टूल टाकून बसायचं आणि शिशाचं डोकं असलेला गळ पाण्यात खालीवर नाचवायचा. पण काठाजवळच्या उथळ पाण्यात गेलं की जुनेजाणते लोक लांब काठी घेऊन मागे उभे राहतात. का, ते कुणी नीट सांगत नाही. तुम्हाला तरी कुठून माहीत असणार म्हणा!"

शेवटचे वाक्य मला जरा झोंबले. मराठीच्या प्राध्यापकाला व्याकरण, वृत्ते आणि वाङ्मयप्रकार सोडून दुसरे काही ठाऊक नसते असा आमच्या सर्व भाचेमंडळींचा समज आहे. तो पुष्कळसा खराही आहे. परंतु या एका प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. नेवासे तालुक्यात, नाथसागराच्या काठावर, चिखलात अनवाणी उभा राहून मी ते शिकलो होतो.

नगर जिल्हा आणि मासे ही नावे एका दमात घेतली की पुण्या-मुंबईची मंडळी हसतात. आमचा जिल्हा म्हणजे ज्वारी, ऊस, साखर कारखाने आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, अशी त्यांची कल्पना. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, एस.टी.च्या रांगेत मात्र अजून 'नगर, नगर' हीच हाक ऐकू येते.) पण या जिल्ह्याची तऱ्हाच न्यारी. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस नुसता कोसळतो, तर पूर्वेला पाथर्डीकडे ढग येतात आणि हात हलवीत निघून जातात. पश्चिमेचे ते पाणी अडवण्यासाठी इंग्रजांनी भंडारदऱ्याला प्रवरेवर विल्सन धरण बांधले. ते १९२६ साली पुरे झाले, आणि त्याची उंची सुमारे २७० फूट आहे. तेथले पाणी डोंगराच्या कुशीतले, काठावरून एकदम खोल जाणारे. पुढे राहुरीजवळ मुळा नदीवर दुसरे मोठे धरण झाले. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर म्हणतात.

आणि तिसरे पाणी म्हणजे नाथसागर. जायकवाडीचे धरण आहे पैठणला, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात. त्याची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. भिंत पैठणला असली तरी तिचा फुगवटा गोदावरीतून मागे सरत आमच्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत पसरला आहे. साडेतीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास या जलाशयाचा विस्तार आणि १०२ अब्ज घनफूट त्यात मावणारे पाणी. हा भागाकार मी एकदा करून पाहिला. जलाशय काठोकाठ भरला तरी सरासरी खोली निघते जेमतेम सत्तावीस फूट! एवढा मोठा 'सागर', पण परातीसारखा पसरट. म्हणून तर तेथे रोहित पक्षी येतात. लांब पायांच्या त्या पाहुण्यांना उथळच पाणी लागते. दिवाळीनंतर पाणी मागे हटू लागले की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक हरभरा टाकतात, त्याला गाळपेर म्हणतात. जेथे गाळपेर संपते तेथे पाणी गुडघ्याएवढे असते, आणि माझी गोष्ट त्या गुडघाभर पाण्यातलीच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. हल्ली तो स्वतः गुरुजी आहे आणि त्याचे विद्यार्थी हा अंक वाचतात. भोयाच्या घरचा मुलगा, नाथसागरावर मासेमारी करणारे कुटुंब. बोलायचा कमी, पण निबंध असा लिहायचा की मी दोनदा वाचावा. दिवाळीची सुट्टी संपली आणि मुलगा आलाच नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर उजाडला, परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाकडून कळले की त्याच्या वडिलांचा पाय मोडला आहे आणि हा काकाबरोबर रात्री होडीवर जातो.

माझ्यातला शिक्षक जागा झाला. एका रविवारी सकाळी मी एस.टी.त बसलो. घोडेगाव मागे टाकले, नेवासे फाटा आला. दरवर्षी मी मुलांची सहल घेऊन येथेच उतरतो आणि नेवाशाला जातो. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली तो पैसाचा खांब मुलांना दाखवतो, दृष्टांतांवर बोलतो. मासा आणि गळ यांचा दृष्टांत आपल्या संतवाङ्मयात ठायी ठायी येतो. आमिषाला भुललेला जीव वगैरे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून समजावले आहे. गळ मात्र कधी हातात धरला नव्हता, आणि या वाटेवरून इतक्या वेळा जाऊन, थोडे पुढे प्रवरासंगमाजवळ गळ टाकून बसलेल्या माणसाकडे कधी वळून पाहिले नव्हते.

गावाचे नाव नको. प्रवरासंगमाला उतरून आणखी एका खडखडत्या जीपने मी तेथे पोचलो. घर शोधायला अडचण पडली नाही, कारण 'कालेजातले सर आले' ही बातमी माझ्या पुढे धावत गेली होती. अंगणात खाट टाकली गेली, शेजारपाजारचे आठ-दहा लोक जमले. मुलगा घरातून डोळे चोळत बाहेर आला. रात्रीचा जागलेला होता. आणि वाचकहो, तेथे मी जे केले ते आठवले की आजही मला शरम वाटते. सर्वांच्या समोर मी भाषण सुरू केले! हजेरी किती कमी झाली, अर्जाची तारीख कोणती, त्याच्यासारख्या हुशार मुलाने शिक्षण सोडणे हा कसा अपराध आहे, 'तुझ्या घरच्यांना हे शोभते का' येथपर्यंत माझी गाडी गेली. आत खाटेवर पाय बांधून पडलेला बाप हे सारे ऐकतो आहे, याचे मला भान नव्हते. मुलाने एकदा वर पाहिले, 'येतो सर' एवढेच म्हणाला आणि घरामागून निघून गेला. तो परत आलाच नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. जमलेले लोक एकेक करून उठले.

भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ इतका वेळ मुकाट्याने बसले होते. मुलाचे आजोबा. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला विटके मुंडासे, डोळ्यांत मोतीबिंदूची झाक. ते उठले, आढ्याला अडकवलेली एक लांबच लांब काठी त्यांनी काढली आणि मला म्हणाले, "चला गुरुजी. पोरगं येईल तवा येईल. तवर पान्यावर जाऊ."

ती काठी चिव्याची होती. चिवा म्हणजे बारीक, जवळजवळ भरीव असा वेळू. थंडीत तोडला तर त्याला कीड लवकर लागत नाही, म्हणून तो थंडीतच तोडायचा. मग विस्तवावर शेकून एकेक पेर सरळ करायचे, तेल चोळायचे आणि चुलीच्या धुरावर टांगून ठेवायचे. मी लांबी विचारली. "धा हात," म्हातारबाबा म्हणाले. म्हणजे पंधरा फूट. बुंधा अंगठ्याएवढा, शेंडा करंगळीपेक्षाही बारीक. पण त्या शेंड्याला बांधलेले तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, केवढे? फक्त दोन हात! खाली शिशाचा एक मणी आणि काळा गळ. काठी दहा हात आणि दोरी दोन हात, हे प्रमाण मला मोठे विचित्र वाटले. चित्रात पाहिलेली मासे धरणारी माणसे लांबच लांब दोरी भिरकावतात असा माझा समज.

मी तसे बोलून दाखवताच ते हसले. "पानी खोल आसलं तर दोरी लांब घ्यावी. पानी उथळ आसलं तर काठी लांब घ्यावी."

गाळपेरीच्या कडेने आम्ही चाललो. पाणी वीस-पंचवीस पावलांवर आले तसे ते थांबले. "गुरुजी, बूट काढा."

"का हो बाबा? पुढे ओल आहे का?"

"वल न्हाई. तुमी आल्याचं त्याला कळतंय."

"कुणाला?"

"ज्याच्याकडं आलात त्याला."

मी निमूटपणे बूट काढले.

पुढे जे मी पाहिले त्याचे वर्णन सोपे नाही, कारण पाहण्यासारखे त्यात फारसे काही घडले नाही. म्हातारबाबा सूर्याकडे तोंड करून पाण्याकडे निघाले. आपली सावली आपल्या मागे पडेल अशा बेताने. काठाच्या अलीकडेच ते उकिडवे बसले, आणि बसल्या बसल्या पुढे सरकले. पाण्यात पाणगवताचे बेट होते, मधून मधून परातीएवढी मोकळी जागा. गळाला त्यांनी एक जिवंत झिंगा लावला. मरळ माशाला खरी आवड बेडकीची. पण थंडीत बेडक्या कुठून आणायच्या, म्हणून झिंगा. मग ती दहा हातांची काठी जमिनीला समांतर अशी हळूहळू पुढे सरकवली, इतकी हळू की तिच्या शेंड्यावर एक चतुर येऊन बसला तो तसाच बसून राहिला. शेंडा गवतातल्या मोकळ्या जागेवर आला. दोरी सरळ खाली. झिंगा पाण्याला टेकला, बोटभर वर आला, पुन्हा टेकला. टेकवायचा आणि उचलायचा. मनगट हलत होते की नाही तेही मला दिसेना. "नाचवायचं," ते पुटपुटले, "पर आपुन न्हाई नाचायचं."

तीन-चार जागा झाल्या. पाचव्या जागी पाणी एकदम फुगले, काठीचा शेंडा वाकला, आणि दोन फूट लांबीची काळपट-हिरवी मरळ गवतासकट वर आली. मरळ मोठी चिवट. हवेतून श्वास घेणारा मासा तो, पाण्याबाहेरही बराच वेळ तगतो. तिला त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि काठी माझ्या हातात दिली.

मी काय केले असेल याची वाचकांना कल्पना आलीच असेल. उभा राहिलो! पंधरा फुटांची काठी उकिडवे बसून धरायला दंडात बळ लागते, ते आमच्यापाशी कोठले? उभा राहिलो तशी माझी सावली वळून नेमकी पाण्यावर पडली, कारण मी सूर्याला पाठ करून उभा होतो. पाय घसरला, तो सावरताना चिखलात धप्पकन आवाज झाला. गवताच्या बेटापासून पाण्यावर तीन रेघा तीन दिशांना सरसर निघून गेल्या.

"गेले," म्हातारबाबा म्हणाले. रागाने नव्हे, पाऊस थांबला असे सांगावे तसे. "आता तासभर हितं काय न्हाई."

तो तासभर आम्ही बोरीच्या झाडाखाली बसून काढला. ते बोलत होते, मी ऐकत होतो. गळ हे पोटाचे साधन नव्हे, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. घर चालते ते जाळ्यावर आणि होडीवर. गळ आपल्या आनंदासाठी, घरच्या कालवणासाठी. खोल पाण्यातल्या माशाला काठावरचा माणूस कळत नाही, तेथे आखूड काठी चालते. उथळातला मासा मात्र जात्याच भ्यालेला असतो, कारण वरून बगळा, खालून मोठा मासा, आणि पळायला पाणी थोडे. तरीही तो उथळात येतो, कारण थंडीत ऊन आधी उथळ पाण्याला तापवते आणि खाणेही तेथेच असते. "भुकेनं आल्याला आसतो त्यो. त्याला दरडावून भागत न्हाई." श्रावणात मरळीची लालसर पिले गोळ्यागोळ्याने पाण्यावर दिसतात आणि खाली आईबाप राखण करीत असतात. त्या जागी गळ नाचवला तर राखणदार हमखास झडप घालतो. "त्यो तर कुनीबी धरंल," ते म्हणाले, "पर पिल्लं मग दुसरे मासे खात्यात. आमी तितं काठी नेत न्हाई."

माशांची नावे तर ते अशी सांगत होते की मी खिशातली वही काढली. शिंगटा, शिंगाळा, कोळस, मुसळा, मळ्या, वाम. यांतली कितीतरी आता क्वचितच मिळतात; आणि १९५२ साली परदेशातून या देशात आणलेला तिलापिया, ज्याला आमच्याकडे चिलापी म्हणतात, तो मात्र उदंड. पुढे ग्रंथालयात शोधताना मला या नावांची एक गंमत सापडली. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. त्याने येथल्या माशांवर निबंध लिहिला, आणि १८३९ च्या सुमारास त्यांना शास्त्रीय नावे देताना कोळ्या-भोयांच्या तोंडचे मराठी शब्दच लॅटिनच्या कोंदणात बसवले. म्हणून आजही जगभरच्या ग्रंथांत 'मिस्टस सींगटी', 'स्पेराटा सींघाला', 'हिप्सेलोबार्बस कोलस', 'गारा मुल्या' अशी नावे छापली जातात. मराठी भाषा सातासमुद्रापार गेली असे आपण व्याख्यानांतून सांगतो, तेव्हा या शिंगट्याचा आणि मळ्याचा उल्लेख कोणी करीत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची सापडली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे ११२९ च्या सुमाराचा. मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो तो एका कारणासाठी. त्यात मराठीच्या अगदी जुन्या ओळी आल्या आहेत, आणि त्या आहेत विष्णूच्या मत्स्यावताराविषयी. आम्ही त्या तेवढ्या ओळी परीक्षेपुरत्या उचलतो आणि ग्रंथ मिटवतो. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो ज्यांनी संपादित केला त्यांचे आडनाव श्रीगोंदेकर, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याची आठवण देणारे. तेव्हा मी अभिमानाने सारा ग्रंथ चाळायला घेतला. तर त्यात 'मत्स्यविनोद' नावाचा एक आख्खा अध्याय! कोणता मासा नदीत राहतो, कोणता सागरात, कोणाला कसले खाद्य घालून जागेला चटावायचे, गळ कसा टाकायचा, मासा कसा ओढायचा, हे राजाने आवडीने सांगितले आहे. माशांचे मोठे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर स्वतंत्र लेख लिहिला होता. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळावरचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले १६५३ मध्ये. आमचा राजा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. आणि मी वीस वर्षे मानसोल्लासातल्या त्या मत्स्याच्या ओळी शिकवीत होतो, पण पलीकडे चार पाने उलटली नव्हती!

दहा हातांचेच का, याचा उलगडा मात्र आमच्या स्टाफरूममध्ये झाला. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना मी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी चहाची बशी बाजूला सारून कागदावर आकृती काढली. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाशाचे किरण पाण्यात शिरताना वाकतात, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आभाळ सुमारे ९७ अंशांच्या कोनात गोळा होते. खिडकीच्या मधोमध जे असते ते स्वच्छ. अगदी कडेला जे असते ते चेपलेले, अंधुक. काठावरची वस्तू पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांच्या खाली असली तर ती माशाला जवळजवळ दिसत नाही असा ढोबळ नियम धरतात. आता उकिडवा बसलेला माणूस फार तर तीन फूट उंच. तो दहा अंशांच्या खाली राहायचा तर त्याने माशापासून किती दूर बसावे? सहकाऱ्यांनी गणित मांडले आणि उत्तर आले सतरा फूट. पंधरा फुटांची काठी आणि दोन फुटांचा पुढे केलेला हात!

"आणि उभा राहिलात तर," ते म्हणाले, "तुम्हाला चौतीस फुटांवर जावं लागेल. तेवढी काठी आहे का तुमच्याकडे?"

पावलांच्या आवाजाचे कारण निराळे. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पार्श्वरेषा म्हणतात तिला. पाण्यातली बारीकशी थरथर तिला कळते. चिखलातले पाऊल असो की बर्फावरचे, ती थरथर पाण्यात उतरतेच.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर तेच. पाणी चार अंश तापमानाला सर्वांत जड असते, म्हणून त्याहून गार झालेले पाणी वर राहते आणि वरूनच गोठते. खाली मासे जिवंत असतात. काठाजवळ बर्फाखाली पाणी चार-पाच फूटच असले, तर वर चालणाऱ्याच्या पावलांचा करकर आवाज माशाच्या डोक्यावरच होतो. भोकाशी कोणी वाकले की उजेडाच्या जागी सावली येते. खोल पाण्यात चाळीस फुटांवरच्या माशाला याचे काही नाही, तेथे स्टूल टाकून दोन फुटांची काठी नाचवा. उथळात मात्र काठी लांब, दोरी आखूड. भाचा उणे वीस अंशांत उभा असतो आणि आमचे म्हातारबाबा पौषातल्या उन्हात बसत, एवढाच फरक. हो, आणखी एक. तेथे चालण्यापुरते सुद्धा निदान चार इंच जाडीचे स्वच्छ बर्फ असल्याची खात्री करून घ्यावी लागते. येथे बुडालो तरी गुडघ्यापर्यंत.

त्या रविवारी संध्याकाळी जीपची वेळ झाली तरी मुलगा आला नाही. मी पुन्हा त्याच्या घरी गेलो नाही. परीक्षेचा कोरा अर्ज आणि माझ्या टिपणांची वही पिशवीत होती, ती म्हातारबाबांच्या हाती दिली. काय सांगू, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, काही सांगू नका, त्याच्या उशाशी ठेवा. बाबांच्या पायाची चौकशी केली होती म्हणून सांगा, एवढेच. खरे तर ती चौकशी मी तोवर केलीच नव्हती. मग परत वळून आत गेलो आणि केली.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने चिखलाने भरलेली विजार पाहिली आणि वास घेऊन म्हणाली, "अहो, मुलाला आणायला गेला होतात ना?" आमच्या घरात मासा शिजत नाही. मी सारे सांगितले, मरळीचा भाग तेवढा गाळला.

पुढचे तीन आठवडे मी कोणाजवळही त्याची विचारपूस केली नाही. स्वभावाविरुद्ध गेले, पण नाही केली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी हजेरी घेताना त्याच्या क्रमांकाला मी सवयीने थांबलो आणि शेवटच्या बाकावरून 'हजर' असा आवाज आला. मी वर न बघता पुढचा क्रमांक पुकारला. अर्ज त्याने शेवटच्या दिवशी भरला होता, दंडासह. पुढे तो एम.ए. झाला, बी.एड. झाला, हल्ली एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. म्हातारबाबा दोन वर्षांमागे गेले. काठी त्याच आढ्याला आहे.

तर गेल्या जानेवारीत भाच्याचे ते छायाचित्र मी या माजी विद्यार्थ्याला पाठवले. म्हटले, बघ, तुझ्या आजोबांची काठी अमेरिकेत कशी पोचली. अर्ध्या तासाने त्याचे उत्तर आले.

"सर, काठी चांगली आहे. शेंडा जरा जाड वाटतो. पण त्यांना सांगा, त्यांची सावली भोकावर पडते आहे. पलीकडच्या बाजूला उभं राहायला पाहिजे."

मी चष्मा पुसून छायाचित्र पुन्हा पाहिले. पडली होती खरी. निळसर, लांब, नेमकी भोकावर.

निरोप मी भाच्याला पोचता केला. पुढच्या रविवारी त्याचे दुसरे छायाचित्र आले. मासा नव्हताच. पण भोक स्वच्छ उजेडात होते, आणि भाचेबुवा उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून, बर्फावर उकिडवे बसले होते.